तेल केव्हा मोजायचं

दुहेरी क्लचच्या गिअरबॉक्समध्ये तेल कमी आहे का, असं कुणी विचारलं की उलट विचारावं लागतं: किती अंशांना? हा दुसरा प्रश्न टाळून पहिल्याचं उत्तर देता येत नाही. वर्धा जिल्ह्यात, सेलू तालुक्यातल्या हिंगणीत तर हे विशेष जाणवतं. बोर व्याघ्र प्रकल्पाच्या वाटेवरचं हे गाव. मे महिन्यात या भागात पारा ४५ च्या पुढे जाणारे दिवस येतात. ज्या तापमानाला हे तेल मोजायचं असतं, त्याच्या पलीकडे त्या दिवसांत हवाच पोचलेली असते. गाडी सुरू करायच्या आधीच मोजण्याची वेळ निघून गेलेली असते. हा पेच कसा पडतो आणि तो कसा सोडवायचा, ते सावकाश पाहू.

मॅन्युअल गाडीत क्लच एकच असतो. गिअर बदलायचा तर पाय दाबून इंजिनाची ताकद तोडायची, गिअर टाकायचा आणि ताकद पुन्हा जोडायची. मधल्या क्षणात गाडी आपल्या वेगावर नुसती वाहत असते. दुहेरी क्लचने हा मधला क्षण जवळजवळ पुसून टाकला. पहिला, तिसरा, पाचवा हे विषम गिअर एका क्लचच्या ताब्यात आणि दुसरा, चौथा, सहावा हे सम गिअर दुसऱ्याच्या. दोन शाफ्ट एकात एक बसवलेले, बाहेरचा पोकळ आणि आतला त्यातून आरपार गेलेला. गाडी तिसऱ्यात चाललेली असतानाच चौथा गिअर दुसऱ्या शाफ्टवर पडून तयार असतो. वेळ आली की एक क्लच सुटत जातो आणि त्याच वेळी दुसरा धरत जातो. चालवणाऱ्याला फक्त इंजिनाचा आवाज बदललेला कळतो.

कल्पना जुनी आहे. फ्रेंच अभियंता अडॉल्फ केग्रेस याने १९३९ च्या सुमाराला ती मांडली. हाच केग्रेस त्याआधी रशियाच्या झारच्या पदरी होता आणि बर्फात चालणाऱ्या पट्ट्याच्या गाड्यांमुळे त्याचं नाव झालं होतं. दोन क्लचांचा ताल सांभाळणारी इलेक्ट्रॉनिक्स मात्र त्या काळी नव्हती. १९८० च्या दशकात पोर्शच्या शर्यतीच्या गाड्यांवर आणि ऑडीच्या रॅलीच्या गाडीवर हा गिअरबॉक्स चालला, आणि २००३ साली फोक्सवॅगन गोल्फ आर-३२ मधून तो शोरूममध्ये आला. तो सहा गिअरचा होता, आणि त्याचे क्लच तेलात बुडालेले होते. आपल्याकडच्या स्कोडा लॉरा आणि जुन्या सुपर्ब डिझेलच्या स्वयंचलित गाड्यांत हाच गिअरबॉक्स आला. आता या गाड्या दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे आहेत आणि पुण्या-नागपूरहून तालुक्याच्या गावांपर्यंत पोचल्या आहेत. कंपनीच्या वर्कशॉपपासून लांब राहणाऱ्या माणसालाच या गिअरबॉक्सचं तेल समजून घ्यायची गरज आहे.

त्या सहा गिअरच्या पेटीत सुमारे सात लिटर तेल असतं. बदलताना त्यातलं पाचेक लिटर निघतं, बाकीचं कोपऱ्याकोपऱ्यांत राहतं. दर ६०,००० किलोमीटरला ते गाळणीसकट बदलायचं असतं. इतकं तेल लागतं, कारण ते एकाच वेळी तीन कामं करतं. गिअरचे दाते आणि बेअरिंग यांना वंगण देतं. क्लच धरताना चकत्या एकमेकींवर घासून जी उष्णता होते, ती वाहून कूलरकडे नेतं. आणि तिसरं काम म्हणजे दाब. पंप तेल खेचतो, ते मेकॅट्रॉनिक नावाच्या नियंत्रक भागातल्या झडपांतून जातं आणि त्याच्याच दाबाने क्लच आवळले जातात, गिअरचे फोर्क सरकतात. मॅन्युअल गाडीत ड्रायव्हरचा डावा पाय आणि डावा हात जे करतात, ते इथे तेल करतं.

म्हणून तेल कमी पडलं तर त्याचा पहिला पुरावा दात्यांच्या आवाजात सापडत नाही. वंगणाला थोडं तेलही पुरतं, दाबाला पुरत नाही. उन्हाळ्यात विहिरीचं पाणी फुटव्हॉल्व्हपाशी आलं की मोटर पाण्याबरोबर हवा ओढते आणि पाइपातून धार तुटक तुटक पडते, हे हिंगणीच्या शेतकऱ्याला सांगायला नको. गिअरबॉक्सच्या तळाशी असलेल्या पंपाच्या तोंडाचंही तेच होतं. तेलात हवा मिसळली की ते दबतं. शुद्ध तेल दबत नाही, म्हणून तर ते ताकद इकडून तिकडे पोचवू शकतं. हवा शिरली की झडपेने हुकूम दिला तरी क्लच पूर्ण जोराने आवळला जात नाही. तो घसरतो, घसरून तापतो, आणि त्या उष्णतेला वाहून न्यायला तेल आधीच कमी असतं.

आता लक्षणं. रिव्हर्स टाकल्यावर गाडी क्षणभर काहीच करत नाही, मग झटक्याने मागे जाते. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना थरथर येते. चढावर इंजिनाचे फेरे वाढतात पण वेग वाढत नाही. मीटरमध्ये गिअरचं अक्षर लुकलुकतं, आणि मग गाडी ठरावीक गिअर सोडून द्यायला लागते, म्हणजे सुरक्षेसाठी स्वतःलाच बांधून घेते. ही सगळी लक्षणं झिजलेल्या क्लचमुळेही दिसतात, बिघडलेल्या झडपेमुळेही दिसतात, आणि कमजोर बॅटरीमुळेसुद्धा दिसतात, कारण मेकॅट्रॉनिक विजेवर चालतं आणि व्होल्टेज पडलं की ते भलत्याच तक्रारी नोंदवतं. मग तेलाची कमतरता ओळखायची कशी?

ती ओळखायची गाडीच्या कलण्यावरून. झिजलेला क्लच सपाट रस्त्यावरही घसरतो आणि वळणावरही घसरतो. कमी तेल असेल तर लक्षण जागा धरून येतं. लांब वळणावर तेल एका बाजूला जातं, जोरात ब्रेक लावला की पुढे जातं, चढावर मागे जातं. नेमक्या त्या वेळी पंपाचं तोंड उघडं पडतं आणि दाब तुटतो. रस्ता सरळ झाला की दोन-चार सेकंदांत सगळं पूर्ववत. हिंगणीहून बोर धरणाकडे किंवा टेकड्यांतून जाणाऱ्या वाटांवर असा अनुभव येत असेल आणि समृद्धी महामार्गाच्या सरळ पट्ट्यावर १०० च्या वेगातही येत नसेल, तर क्लच प्लेटच्या खर्चाचा विचार करण्याआधी तेल तपासावं. आणखी एक खूण आहे. थंड तेल आकसलेलं असतं, त्यामुळे सकाळी पहिल्यांदा गाडी काढताना पातळी सर्वांत खाली असते. सकाळी रिव्हर्सला वेळ लावणारी आणि दहा मिनिटांत सुधारणारी गाडी तेलाकडेच बोट दाखवते.

इंजिन थोडं तेल जाळतं, हे आपण गृहीत धरून चालतो. गिअरबॉक्स तेल जाळत नाही. त्याला तेल जळायची जागाच नाही. तेव्हा कमी झालं असेल तर दोनच शक्यता: ते कुठून तरी बाहेर गेलं, किंवा मागच्या वेळी पुरेसं भरलंच नव्हतं. बाहेर जाण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. चाकांकडे जाणारे अॅक्सल पेटीतून जिथून निघतात तिथली ऑइल सील, गाळणीच्या झाकणाची रबरी रिंग, कूलरचे सांधे, मेकॅट्रॉनिकचं झाकण, ड्रेन प्लगचा वॉशर. शेतातल्या पांदण रस्त्यावर दगड लागून खालचं कवच तडकलेलंही असू शकतं. रात्री गाडीखाली पुठ्ठा टाकून ठेवावा. उन्हाळ्यात एसीचं पाणी टपकतं, ते सकाळपर्यंत वाळून जातं. तेलाचा डाग राहतो, आणि तो कोणत्या भागाच्या बरोबर खाली आहे ते पाहून अर्धा शोध लागतो.

दुसरी शक्यता, कमी भरलं जाण्याची, लोकांना खरी वाटत नाही. यंत्रात तेल भरणं ते काय, त्यात कसली चूक? पण माझ्या मते लेखाचा गाभा इथेच आहे, म्हणून जरा थांबू.

या पेटीला डिपस्टिक नसते. तळाशी ड्रेन प्लग असतो, आणि त्या भोकाच्या आत एक छोटी उभी नळी असते. पेटीतलं तेल त्या नळीच्या काठाच्या वर असेल तर प्लग काढल्यावर जास्तीचं तेल नळीतून खाली येतं. काठाइतकं उरलं की धार तुटते, थेंब पडू लागतात. थेंब पडायला लागले की पातळी बरोबर. प्लग लावून टाकायचा. काहीच आलं नाही तर तेल कमी, मग त्याच भोकातून खालून वर तेल चढवायचं आणि थेंबांची वाट पाहायची. फार साधी आणि सुंदर योजना आहे. तिला दोन अटी आहेत. इंजिन सुरू हवं, आणि तेल ३५ ते ४५ अंशांच्या मध्ये हवं.

इंजिन सुरू का? कारण सुरू असताना पंपाने बरंच तेल उचलून वाहिन्यांत, क्लचमध्ये, कूलरमध्ये पोचवलेलं असतं. बंद केलं की त्यातलं काही खाली उतरतं आणि तळाची पातळी वर येते. बंद गाडीचा प्लग काढला तर ते उतरलेलं तेल जास्तीचं समजून नळीवाटे निघून जातं. धार तुटते, मेकॅनिक समाधानाने प्लग लावतो, आणि गाडी तेल कमी घेऊन बाहेर पडते.

आणि तापमान का? तेल तापलं की फुगतं. दर अंशाला साधारण ०.०७ ते ०.०८ टक्के. आकडा क्षुल्लक वाटतो, पण सात लिटरांना आणि ४० अंशांच्या फरकाला लावून पाहा: २०० मिलिलिटरच्या आसपास येतं. म्हणजे दूरवरून चालवत आणलेल्या गाडीत तेल ८० अंशांवर आहे आणि त्याच अवस्थेत पातळी बांधली, तर तेल फुगून नळीच्या काठाला आधीच टेकलेलं असतं. प्लग लावून गाडी दिली. रात्री तेल निवलं, आणि सकाळी पेटीत पेलाभर तेल कमी. गळती कुठेच नाही, सील कोरडे, तरी गाडी रिव्हर्सला अडते. यात कुणी आळस केलेला नसतो. मेकॅनिकने नळी पाहिली, थेंब पाहिले, फक्त तापमान पाहिलं नाही. उलट फार थंड असताना बांधलं तर तेल जास्त होतं, आणि तापल्यावर फिरते भाग ते घुसळून फेस करतात. फेस म्हणजे पुन्हा हवाच. कमी तेल आणि जास्त तेल, दोन्हींचा शेवट दाबात हवा शिरण्यात होतो.

आता नवतप्यातली हिंगणी डोळ्यांपुढे आणा. दुपारी दोनला, उन्हात उभी असलेली गाडी. तिच्या पेटीतलं तेल इंजिन सुरू न करताच ४५ च्या पुढे असू शकतं. इंजिन सुरू केलं की ते वरच जाणार. या वेळी गावात कितीही हुशार माणूस आला तरी त्याला पातळी बरोबर बांधता येणार नाही, कारण मोजण्याची खिडकी बंद आहे. कार्यपुस्तिका लिहिणारे जिथे बसले होते, तिथे गाडी ३५ अंशांपर्यंत तापायची वाट पाहावी लागते. इथे ती निवायची वाट पाहावी लागते.

वाट आहे, आणि ती पहाटेची आहे. गाडी संध्याकाळपासून उभी ठेवावी. लोखंड-अॅल्युमिनियमची पेटी आणि सात लिटर तेल सावकाश निवतात, दोन-तीन तास पुरत नाहीत. पहाटे पाचच्या सुमाराला, मेमध्येही, हवा तिशीच्या आसपास उतरलेली असते. तेव्हा स्कॅनर जोडायचा, गिअरबॉक्सच्या तेलाचं तापमान पडद्यावर आणायचं, आणि मग इंजिन सुरू करायचं. ब्रेकवर पाय ठेवून पी, आर, एन, डी असे सगळे टप्पे सावकाश फिरवायचे, म्हणजे वाहिन्या भरतात. पस्तिशी ओलांडली की प्लग उघडायचा. बाहेरून धरायची लेसर बंदूक इथे चालत नाही, ती कवचाचं तापमान सांगते, आतल्या तेलाचं नाही. पाचशे रुपयांचा ब्लूटूथ वाचकही बहुधा इंजिनाचंच तापमान दाखवतो. गिअरबॉक्सच्या संगणकाशी बोलणारा स्कॅनर लागतो आणि तो हिंगणीत नसला तर वर्ध्याहून आणावा लागेल. तो आणायचा दिवस ठरवताना पहाटेची वेळ ठरवावी. डिसेंबरात ही घाई नाही. तेव्हा तेल हळूहळू तापतं आणि सकाळभर वेळ मिळतो.

वरच्या दोन अटींखेरीज गाडी सपाट उभी असणं ही तिसरी अट, आणि गावातल्या कामात तीच सर्वांत जास्त मोडते. फक्त पुढचं तोंड जॅकवर उचललं तर पेटी मागे कलते आणि नळीचा काठ खोटं बोलतो. चारही चाकं सारखी उचलणारी लिफ्ट गावात नसेल, पण गॅरेजमध्ये जुना खड्डा असेल तर तो इथे जॅकपेक्षा कितीतरी सरस आहे. गाडी आपल्या चाकांवर, सपाट, आणि माणूस खाली. काळजी एवढीच की इंजिन सुरू ठेवून खड्ड्यात उतरायचं असल्याने धूर साचता कामा नये. दारं सताड उघडी हवीत, शक्य तर सायलेन्सरला लांब पाइप लावून धूर बाहेर सोडावा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाऊ नये, हेही इथेच म्हणून ठेवतो.

हे सगळं ओल्या, म्हणजे तेलात बुडालेल्या क्लचच्या पेटीला लागू. आपली गाडी त्यातली आहे का, हे आधी पाहिलं पाहिजे. पोलो जीटी टीएसआय, किंवा चाकणला बनणाऱ्या कुशाक आणि व्हर्टसच्या दीड लिटर इंजिनाच्या स्वयंचलित गाड्या, यांत सात गिअरचा कोरड्या क्लचचा डबा आहे. त्यात दोन वेगळी तेलं: गिअरसाठी सुमारे दोन लिटर आणि मेकॅट्रॉनिकसाठी सुमारे एक लिटर, एकमेकांत न मिसळणारी. तिथे गिअरचं तेल कमी झालं तर दाते ओरडतील, पण क्लच घसरणार नाही. मेकॅट्रॉनिकचं कमी झालं तर गाडी जागेवर बसेल. ह्युंदाई व्हेन्यू, किया सेल्टॉस यांच्या सात गिअरच्या पेट्याही कोरड्याच, आणि त्यांत क्लच हलवायला विजेच्या मोटरी आहेत. टाटा अल्ट्रोझमध्ये २०२२ साली आलेली पेटी मात्र ओल्या क्लचची आहे. प्रत्येकीची मोजण्याची रीत आणि तापमान वेगळं. वरचे ३५ आणि ४५ हे आकडे लॉरा-सुपर्बच्या पेटीचे आहेत, ते दुसऱ्या गाडीला लावू नयेत.

कोरड्या पेटीतही उष्णता आणि तेलाचं नातं सुटलेलं नाही. २०१३ च्या नोव्हेंबरात फोक्सवॅगनने जगभरातल्या सुमारे १६ लाख गाड्यांच्या सात गिअरच्या पेटीतलं कृत्रिम तेल काढून खनिज तेल भरायचं जाहीर केलं, कारण उष्ण-दमट हवेत आणि वारंवार थांबत चालणाऱ्या रहदारीत आतल्या विजेच्या भागांत बिघाड होत होता. तेल किती आहे यापलीकडे कोणतं आहे, हा प्रश्न तिथे उभा राहिला. तो ओल्या पेटीलाही आहे. या तेलाला दात्यांसाठी गुळगुळीतपणा आणि क्लचसाठी पकड, अशा दोन विरुद्ध गोष्टी एकत्र साधायच्या असतात. साध्या ऑटोमॅटिकचं लाल तेल किंवा ट्रॅक्टरचं गिअर ऑइल टाकून पातळी भरता येईल, पकड मिळणार नाही. कार्यपुस्तिकेत लिहिलेल्या क्रमांकाचंच तेल आणावं, आणि ते येईपर्यंत गाडी उभी ठेवावी.

उभी ठेवा म्हटलं की ती हलवायचा प्रश्न येतो. इंजिन बंद असताना पेटीतला पंप फिरत नाही, म्हणून चाकं जमिनीवर ठेवून ओढलेल्या गाडीत दाते वंगणाशिवाय फिरतात. फोक्सवॅगन-स्कोडाच्या पुस्तिकांत अशा ओढण्याची हद्द ५० किलोमीटर अंतर आणि ताशी ५० किलोमीटर वेग अशी दिलेली असते, तीही पेटीत तेल पुरेसं असेल तेव्हा. हिंगणीहून नागपूर त्याहून लांब आहे. सपाट पाठीची क्रेन बोलवावी. ट्रॅक्टरला दोर बांधून सेलूपर्यंत नेण्याचा स्वस्त मार्ग इथे सर्वांत महाग पडतो.

स्कॅनर जोडलाच आहे तर कोडही वाचले जातील. पी ०८६८ म्हणजे तेलाचा दाब कमी, पी ०२१८ म्हणजे तेल तापलं, पी ०७३० म्हणजे गिअरचं प्रमाण जुळत नाही, अर्थात काहीतरी घसरतंय. तिन्ही एकाच कमतरतेतून उगवू शकतात, म्हणून कोड पाहून थेट मेकॅट्रॉनिक बदलायला निघू नये. आधी बॅटरीचं व्होल्टेज, मग तेलाची पातळी योग्य तापमानाला, मग तेलाचा रंग आणि वास. जळकट वास आणि काळपट तेल असेल तर क्लच बराच काळ घसरत होता, तेव्हा नुसती भर घालून भागणार नाही. पातळी बांधून कोड पुसल्यावर स्कॅनरवरून क्लचची नव्याने जुळवणी करून घ्यावी आणि गाडी शांतपणे चालवून पाहावी. घसरत्या दिवसांत संगणकाने आपले अंदाज बिघडलेल्या दाबाला जुळवून घेतलेले असतात, ते नव्याने बसावे लागतात.

पूर्ण तेल बदलायचं ठरलं तर निघालेलं जुनं तेल फेकण्याआधी खुणांच्या डब्यात मोजावं, तेही निवल्यावर. लॉराच्या पेटीतून पाच लिटरच्या आसपास निघायला हवं. चारच निघालं आणि अॅक्सलच्या सीलभोवती ओल असेल तर सील बदलायचं काम त्याच दिवशी करून टाकावं. चारच निघालं आणि खालचं सगळं कवच धुळीने कोरडं असेल, तर मागच्या सर्व्हिसचा कागद काढून तारीख पाहावी. तो महिना एप्रिल-मेचा असेल आणि गाडी दुपारी दिलेली असेल, तर संशय कुठे जातो ते उघड आहे.